चुन्याचं घमेलं आणि व्याह्यांचे बूट

सरांच्या वर्गात शिकणारी मुलं नवापुरात लगेच ओळखू यायची. त्यांच्या चपलांचे तळ पांढरे असायचे. वर्ग सुटला की शेडपासून हायवेपर्यंत आणि तिथून बसस्टँडपर्यंत पांढरी पावलं उमटत जायची. पानटपरीवर बसलेली माणसं ती बघून म्हणायची, "सुटनी सरनी ब्याच. लावला पोरेसले चुना!" हा विनोद तिथे रोज व्हायचा आणि त्याला रोज हसू यायचं.

चुना खराच होता. वर्गाच्या दारात एक लोखंडी घमेलं असायचं, त्यात कोरडा चुना. आत येणाऱ्याने चपलेसकट आधी डावा पाय त्यात ठेवायचा, मग उजवा, आणि मग उंबरा ओलांडायचा. कोणी उडी मारून गेलंच तर सर त्याला परत बाहेर काढायचे. "पाय चुनामा ठेव, मंग मझार ये." आत येऊन बसलेल्यालाही उठवायचे. हा नियम कोंबड्यांच्या फार्मवरचा. बाहेरचा रोग माणसाच्या पायांनी आत येऊ नये म्हणून आमच्याकडच्या पोल्ट्रीवाल्यांच्या दारात असं घमेलं असतं. सरांच्या शेडमध्ये आता कोंबड्या नव्हत्या, सात कॉम्प्युटर होते. पण सरांच्या मते त्यामुळे घमेल्याचं काम संपत नव्हतं.

"सर, कॉम्प्युटरला पायाने रोग होतो का?" असं नवीन ब्याचमधलं कोणीतरी पहिल्या दिवशी हमखास विचारायचं.

"नाही होत," सर म्हणायचे. "बी.एस्सी. आहे मी, रसायनशास्त्र. मला कळतं. पण दारात थांबायची सवय पायाला लागते, आणि पायाला लागली की बोटाला लागते. तुम्ही आत्ता घमेल्यापाशी थांबलात ना? तसंच कुठलंही बटन दाबण्याआधी थांबायचं. बस. अर्धा कोर्स झाला."

उरलेला अर्धा कोर्स चुना साफ करण्यात जायचा. मुलांच्या पायांनी तो आत यायचा, पंख्याने उडायचा आणि कॉम्प्युटरच्या डब्यांत जाऊन बसायचा. दर शनिवारी सगळे डबे उघडून ब्रशने साफ करायचे. सर त्याला 'देखभाल' म्हणायचे. चुना नसता तर इतकी देखभाल लागली नसती, असं मी मनात म्हणायचे. मी बहुतेक गोष्टी मनातच म्हणायचे.

शेड लांबलचक होतं, दोन्ही बाजूंनी जाळी. मे महिन्यात जाळीला गोणपाट बांधून त्यावर पाणी मारायचं, पूर्वीसारखंच. प्रत्येक कॉम्प्युटरजवळ एक थर्मामीटर टांगलेला. कोर्स बेचाळीस दिवसांचा, कारण ब्रॉयलर कोंबडी बेचाळीस दिवसांत तयार होते आणि त्यापेक्षा जास्त वेळ कुठल्याही जिवाला लागू नये असं सरांचं मत. एका मुलीचे वडील एकदा भांडायला आले होते. "आमनी पोर काय कोंबडी शे का?" सर शांतपणे म्हणाले, "नही. कोंबडी प्रश्न नही इचारस. तुमनी पोर लई इचारस, म्हणून तिला आठ दिवस जास्त लागतील." वडील खूश होऊन गेले. आपल्या मुलीचं कौतुक झालं की तक्रार, हे त्यांना हायवेवर गेल्यावर कळलं असेल.

मी तिथे शिकायला गेले आणि मदतनीस म्हणून राहिले. कॉलेज संपलं होतं, नोकरी नव्हती, आणि आईच्या मते मी घरात बसून आणखीच मुकी होत चालले होते. "जा, चार लोकांत मिसळशील," ती म्हणाली. सरांना मी हवी होते ती माझ्या इंग्रजीसाठी. पडद्यावर इंग्रजीत काही उमटलं की सर लांबून ओरडायचे, "इंग्लिश मीडियम, काय म्हणतंय ते?" मी जाऊन वाचायचे आणि मराठीत सांगायचे. बहुतेक वेळा ते म्हणत असायचं की पुढे जायचं का थांबायचं. सर म्हणायचे, "थांबायचं."

आमच्या घरी आई-वडील एकमेकांशी अहिराणीत बोलतात. माझ्याकडे वळले की मराठीत. माझं इंग्रजी बिघडू नये म्हणून लहानपणापासून घेतलेली ही काळजी. त्यामुळे मला अहिराणी सगळी कळायची, पण तोंडातून एक शब्द यायचा नाही. आमच्याही घराच्या दारात एक घमेलं होतंच म्हणायचं.

सरांचा पेन ड्राइव्हचा नियम आणखी वेगळा होता. बाहेरून आलेला पेन ड्राइव्ह लगेच लावायचा नाही. तो अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये ठेवायचा, एका खळग्यात एक, खाली नावाची चिठ्ठी. तीन दिवस. चौथ्या दिवशी तो आधी एक नंबरच्या कॉम्प्युटरवर तपासायचा, मगच बाकीच्यांत.

हे मला सहन होत नव्हतं. मी एकदा हळूच म्हणाले, "सर, तीन दिवस ट्रेमध्ये ठेवून व्हायरस मरत नाही."

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी हे कधी विचारते याची ते इतके दिवस वाट पाहत होते.

"व्हायरस नही मरस, मले मालूम शे," ते म्हणाले. "पन घाई मरस."

मग मराठीत, सगळ्या वर्गाला उद्देशून: "ज्याला आत्ताच हवं आहे, लगेच हवं आहे, पाच मिनिटांत खातं बंद होणार आहे, साहेब फोनवर थांबलेत, त्याला सांगा, तीन दिवसांनी ये. खरा असेल तर येईल. खोटा असेल तर शिव्या देईल. दोन्हीत आपला फायदा."

फोन स्पीकरवर ठेवायला मनाई होती. "स्पीकर म्हणजे शेडचं दार सताड उघडं," सर म्हणायचे. त्यांनी स्वतःचा फोन कधीही स्पीकरवर ठेवलेला मी पाहिला नाही. फोन आला की ते कोपऱ्यात जाऊन, तोंडावर हात धरून, एखादं पाप केल्यासारखे बोलायचे. बहुतेक वेळा तो फोन दूधवाल्याचा असायचा.

विज्ञानाचा तास मंगळवारी. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटन का दाबायचं नाही, शेतातल्या मोटरला अर्थिंग का लागतं, वीज कडाडताना झाडाखाली का उभं राहू नये, साप चावल्यावर आधी बाबाकडे गेलं तर काय होतं. सगळं करून दाखवायचे, साप सोडून. त्यांचा आवडता प्रयोग हळदीचा. वर्ग भरण्याआधी ते एकाच माऊसला थोडी हळद चोळून ठेवायचे आणि काही बोलायचे नाहीत. तास संपला की सगळ्यांना चुन्याचं पाणी असलेल्या बादलीत हात बुडवायला लावायचे. हळदीला चुना लागला की ती लाल होते. त्या माऊसला हात लावलेला एकच मुलगा, पण त्याने पेन दिलं, टाळी दिली, कोणाच्या डब्यातला वडा घेतला. अकरा हात लाल निघायचे. "बघा," सर म्हणायचे, "एकाने पासवर्ड सांगितला." मुली हात धूत राहायच्या आणि घरी जाऊन ओरडा खायच्या. कपड्यांवरचे डाग निघत नसत.

एकदा तालुक्याहून कोणी एक साहेब डिजिटल सुरक्षेवर भाषण द्यायला आले. कुठल्या खात्याचे ते मी सांगत नाही. भाषण चांगलं होतं. आपली माहिती अनोळखी माणसाला देऊ नका, असं त्यांनी सात वेळा सांगितलं, मी मोजलं. मग त्यांनी एक कोरा तक्ता फिरवला. प्रत्येकाने आपलं नाव, मोबाईल, आधार क्रमांक आणि जन्मतारीख लिहायची, म्हणजे सगळ्यांना सुरक्षेचं सर्टिफिकेट मिळेल. मुलांनी एका मिनिटात तक्ता भरला. शेवटी तो सरांकडे आला. सरांनी चष्मा लावून सावकाश लिहिलं. नाव: आठवत नाही. मोबाईल: घरी विचारून सांगतो. आधार: देवाचा. जन्मतारीख: लहान होतो, लक्षात नाही.

साहेबांनी तो सरांच्या हातातच वाकून वाचला. "तुम्हाला सर्टिफिकेट मिळणार नाही," ते म्हणाले.

"तेच माझं सर्टिफिकेट," सर म्हणाले, आणि मुलांनी भरलेला तक्ता त्यांनी साहेबांना परत दिलाच नाही. साहेब गाडीत बसेपर्यंत मागत राहिले. सर म्हणत राहिले, "तीन दिवसांनी या."

एवढा कडक माणूस. पण हे सगळं कडकपण अनोळखी माणसांसाठी होतं, हे मला फार उशिरा कळलं.

सरांचं स्वतःचं सर्टिफिकेट मिळवणं अवघड होतं. ते कुठल्याही नोकरीत चालत नव्हतं, तरी अवघड होतं. त्यासाठी गुरुवारचा तास पार पाडावा लागे. गुरुवारी 'नाही' म्हणायची परीक्षा. सर दारात खुर्ची टाकून बसायचे आणि वेगवेगळी माणसं व्हायचे. कधी बँकेतला अधिकारी, कधी पोलीस, कधी टोपी घालून मुलीचा सासरा. पासवर्ड मागायचे. मुलामुलींनी तोंडावर, मोठ्याने, तीनदा नाही म्हणायचं. पास झालेल्या एका मुलीला इतकी सवय लागली की तिने घरी आलेल्या खऱ्या मीटर रीडरला आत घेतलं नाही. वायरमनला फोन करून ओळख पटवेपर्यंत तो उन्हात उभा होता. सरांनी वर्गात तिचा सत्कार केला.

मी दर गुरुवारी नापास व्हायचे.

"मॅडम, बँकेतून बोलतोय. पासवर्ड सांगा."

मी गप्प.

"मॅडम, वेळ नाहीये आमच्याकडे. सांगा."

मी खाली बघत गप्प.

सर बँकेतला आवाज सोडून आपल्या आवाजावर येत. "गप्प बसणं म्हणजे नाही म्हणणं नव्हे. समोरच्याला गप्प बाई म्हणजे 'हो' वाटते. तोंडाने म्हण."

एका गुरुवारी त्यांनी इतक्यांदा विचारलं, आणि सगळा वर्ग इतका टक लावून बघत होता की तो प्रकार संपावा म्हणून मी पासवर्ड सांगून टाकला. खरा. माझ्या मांजरीचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. वर्ग हसून लोळला. महिनाभर मुलं मला बघून म्याँव करत होती. सर हसले नाहीत. त्यांनी वहीत माझ्या नावापुढे पेन्सिलने एक रेघ मारली. तिथे आधीच बऱ्याच रेघा होत्या.

शेड रिकामं कसं झालं ते सरांनी मला एकदाच सांगितलं, देखभाल चालू असताना, ब्रश हातात धरून.

सारंगखेड्याकडचं एक मोठं शेतकरी घराणं सरांच्या मुलीची सोयरीक पक्की करायला आलं होतं. केळीच्या बागा, दारात घोडा. चहापाणी झालं आणि मुलाचे वडील म्हणाले, चला, तुमचं शेड बघू. त्यांच्या पायात नवे पांढरे बूट होते. सर पुढे चालले. दारात चुन्याचं घमेलं. होणाऱ्या व्याह्यांना त्यात पाय बुडवायला कसं सांगायचं? मुलीचा बाप.

"मी पायाने घमेलं बाजूला सरकवलं," सर म्हणाले.

पुढच्या आठवड्यांत बर्ड फ्लूची साथ आली. तालुक्यात बऱ्याच जणांकडे आली, सरांकडेही आली. पांढऱ्या पोशाखातली माणसं आली, खड्डे खणले गेले. लग्न ठरल्याप्रमाणे झालं.

"बुटांनी आणलं, का वाऱ्याने, का कावळ्याने? शास्त्र म्हणतं, पुरावा नाही." सर डब्यात फुंकर मारत होते. चुना त्यांच्याच भुवयांवर उडाला. "पन घमेलं सरकाडं तो पाय मन्हा व्हता."

त्या वेळी मला वाटलं, धडा शिकलेला माणूस असा असतो.

आता तीन नंबरच्या कॉम्प्युटरबद्दल. तो इंटरनेटला जोडलेला नव्हता. त्यात पेन ड्राइव्ह लावायचा नाही, तपासलेलाही नाही. त्यात वसतिगृहातल्या बावीस मुलींचे कागद होते, नर्सिंगच्या प्रवेशासाठी स्कॅन करून ठेवलेले. मार्कशीट, जातीचा दाखला, रहिवासी दाखला. बहुतेक मुली सातपुड्यातल्या. रमिला तर मणिबेलीची. दाखल्यांसाठी ती आधी होडीने, मग जीपने, मग दोन एसटी बदलून गेली-आली होती. तिचं गाव बरंचसं धरणाच्या पाण्याखाली आहे. ती तिथली रहिवासी आहे हे सिद्ध करायला तिला चार खेपा लागल्या होत्या. शेवटी काम झाल्यावर तिने मूळ कागद घरी, वडिलांच्या पेटीत ठेवले, कारण हरवले तर पुन्हा चार खेपा करायची तिची तयारी नव्हती.

सर या कागदांची दुसरी प्रतही ठेवायचे. तीन नंबरमध्येच, शेजारच्या फोल्डरमध्ये. जपून वागणाऱ्या माणसाचीही एक खिडकी उघडी राहतेच.

फॉर्म भरायची शेवटची तारीख परवावर आली होती आणि साइट दोन दिवसांपासून उघडत नव्हती. मुली सकाळपासून शेडमध्ये येऊन बसल्या होत्या. साइट सुरू झाली की कागद तीन नंबरमधून कोऱ्या सीडीवर काढायचे, एक नंबरवर न्यायचे आणि भरायचे. मी दर पाच मिनिटांनी बघत होते. वेळ जावा म्हणून सरांनी फळ्यावर धडा सुरू केला होता. "बाहेरचं कोणीही असो," ते लिहीत होते, "कितीही मोठं असो..."

बाहेर जीप थांबली. व्याही उतरले. बूट पांढरेच होते.

सरांचा खडू तिथेच थांबला. ते दाराशी धावले, आणि बावीस मुलींच्या, माझ्या आणि फळ्यावरच्या अर्ध्या वाक्याच्या समोर त्यांनी उजव्या पायाने घमेलं बाजूला सरकवलं.

"या, या, भाऊसाहेब! तुमले काय चुना!"

"चुना बिना ऱ्हाऊ द्या, पह्यले घोडा देखा!" व्याही आत आले. फरशीवर त्यांच्या पावलांचा एकही ठसा उमटला नाही. मी त्या फरशीवर दोन वर्षांत पहिल्यांदा असं चालणं पाहत होते.

"आमची ताई कशी आहे?" सरांनी विचारलं. सर आमच्यासमोर मुलीला ताई म्हणायचे.

"मजामा शे. आख्खं घर तिनाच हातमा." व्याह्यांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला. दृष्ट लागू नये म्हणून घोड्याच्या गळ्यात बांधतात तसा निळा मणी त्याला दोऱ्याने बांधलेला होता. "बाजारमा नवा घोडा लिना. चाल देखा त्यानी! आठे मोठा पडदा शे ना? हाई लाई द्या बरं."

मोठा पडदा तीन नंबरलाच होता.

तो पेन ड्राइव्ह कुठे कुठे जाऊन आला होता हे व्याह्यांनी स्वतःच आनंदाने सांगितलं. घोड्यांच्या बाजारातल्या फोटोवाल्याकडे, शिरपूरच्या मित्राकडे, तलाठ्याच्या मुलाकडे, दोंडाईच्याच्या लग्नात डीजेच्या लॅपटॉपमध्ये. बाजारातल्या हौदावर इतके घोडे पाणी प्यायला आले नसतील.

सर अंड्यांच्या ट्रेकडे बघत होते. मग फळ्याकडे. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

"बेटा," ते म्हणाले, "भाऊसाहेबांचं जरा... लावून दे."

पेन ड्राइव्ह माझ्या हातात आला. निळा मणी हलत होता. मी तीन नंबरसमोर जाऊन उभी राहिले. रमिला माझ्या मागेच बाकावर होती. तिने फक्त पडद्यावरच्या तिच्या नावाच्या फोल्डरकडे पाहिलं आणि मग माझ्या हाताकडे.

सरांना नाही म्हणायचं तर ते मराठीत म्हणावं लागणार होतं, आणि मराठीत मी कोणाही मोठ्या माणसाला कधी नाही म्हटलेलं नव्हतं. व्याह्यांना अहिराणीत म्हणावं लागणार होतं, आणि अहिराणीत मी हो सुद्धा म्हटलेलं नव्हतं. तोंड उघडलं तेव्हा जे आलं ते शाळेतलं होतं.

"सॉरी अंकल, एक्स्टर्नल डिव्हाइसेस आर नॉट परमिटेड ऑन धिस सिस्टिम. इट इज अगेन्स्ट द रूल्स."

मला वाटलं, आता सरांच्या मुलीचं काही खरं नाही.

"काय म्हनी ती?" व्याह्यांनी सरांना विचारलं.

"ती म्हणस..." सरांनी तीन नंबरकडे बघितलं. "ती म्हणस, मशीन आजारी शे."

"पोर तं फाडफाड बोलस!" व्याह्यांचा चेहरा फुलला. "एक डाव आखो बोल, बेटा."

मी आणखी एकदा बोलले. त्यांनी मान डोलावून ऐकलं, जसं कोणी गाणं ऐकतं. "देखा, असं पायजे. नातूले बी असाच शाळामा टाकूत." मग त्यांनी फोन काढला आणि घोडा फोनवरच दाखवला. आम्ही सगळ्या जणी त्यांच्याभोवती उभ्या राहून तो बघितला. घोडा खरंच देखणा होता. पेन ड्राइव्ह अंड्यांच्या ट्रेमध्ये तीन दिवसांसाठी ठेवला गेला, आणि आजारी मशीनजवळ आपली वस्तू नको हे व्याह्यांना आपोआप पटलं.

तेच मी मराठीत म्हटलं असतं तर अपमान झाला असता. इंग्रजीत त्याचं कौतुक झालं.

जीप गेल्यावर सरांनी घमेलं ओढून परत दारात आणलं. बाहेर जाऊन, चुन्यात पाय ठेवून, पुन्हा आत आले. खुर्चीवर बसले. चष्मा पुसला.

"अर्धे मार्क," ते मला म्हणाले.

"सर?"

"इंग्रजीत नाही म्हणणं सोपं आहे. ती भाषा आपल्या घरी जेवायला बसत नाही. तिने कोणी रुसत नाही. ज्या भाषेत घरी भांडतात त्या भाषेत म्हणशील तेव्हा पूर्ण."

मला राग आला. घमेलं कोणी सरकवलं, असं विचारावंसं वाटलं. मनातच विचारलं. पण या वेळी बहुतेक ते माझ्या तोंडावर दिसलं असावं, कारण सरांनी पुसलेला चष्मा पुन्हा पुसला.

"तीन नंबरला पासवर्ड टाक," ते म्हणाले. "तुझ्या मनाचा. मांजर सोडून. आणि मला सांगू नको."

"तुम्हाला नको?"

"मला तर मुळीच नको. भाऊसाहेब आले की मी सांगून टाकीन."

साइट दुसऱ्या दिवशी दुपारी उघडली. बावीस फॉर्म गेले. रमिला आता नाशिकला शिकते, आणि तिच्या वॉर्डात येणाऱ्याने आधी हात धुतले नाहीत तर ती डॉक्टरलाही बाहेर उभं करते, असं कळवते.

मला नंदुरबारला एका ऑफिसात नोकरी लागली. सर्टिफिकेटशिवाय. प्रवेशाच्या दिवसांत मी दर रविवारी रेल्वेने नवापूरला जाते, दारात पाय बुडवते, तीन नंबर उघडते, नव्या मुलींचे कागद चढवते आणि बंद करते. सरांनी पासवर्ड एकदाही विचारलेला नव्हता. कीबोर्डवर माझी बोटं चालली की ते जाळीकडे तोंड करून उभे राहायचे.

गेल्या जूनमध्ये, कामाच्या दिवशी, दुपारी ऑफिसात त्यांचा फोन आला.

"बेटा, मी सर बोलतोय," ते नेहमीपेक्षा मोठ्याने म्हणाले. "फोन स्पीकरवर ठेवला आहे."

मी ताठ बसले. सर आणि स्पीकर!

"भाऊसाहेब आले आहेत. घोडी घेतलीय त्यांनी नवी. इथेच बसलेत, तीन नंबरसमोर. जरा पासवर्ड सांग."

मागून व्याह्यांचा आवाज आला. "सांग ना बेटा, दोन मिनिटनं काम शे!"

शेवटची तारीख चार दिवसांवर होती. तीन नंबरमध्ये या वर्षी एकोणीस मुली होत्या. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मॅडम टाईप करायच्या थांबल्या होत्या. इंग्रजी माझ्या जिभेवर तयार होतं. पण मला अचानक दिसलं, सर फोन हातात धरून कसे उभे असतील. एक पाय घमेल्यावर.

"नही सांगस, सर," मी म्हणाले.

"अवो, मन्हा व्याही शेत!" सर ओरडले. पण त्यांचा आवाज रागावलेल्या माणसाचा नव्हता.

"कोनलेच नही सांगस. तुमले बी नही. तीन दिन थांबा."

व्याही हसायला लागले. "कठीण पोर शे रे भो ही! आपली भाषा बी बोलाले लागनी." आणि त्यामागून सर, अगदी लाचार स्वरात: "काय करू, भाऊसाहेब? मन्हं काही चालतच नही. ती ऐकतच नही."

इतकी वर्षं, बेचाळीस-बेचाळीस दिवसांच्या इतक्या ब्याच काढून, सर कशाची तयारी करत होते ते मला तेव्हा कळलं. स्वतःला जे जमलं नाही ते त्यांना कोणाकडून तरी करून घ्यायचं होतं.

आठ दिवसांनी ऑफिसच्या पत्त्यावर पाकीट आलं. उघडताना टेबलावर थोडा चुना सांडला. आत सर्टिफिकेट होतं, पूर्ण मार्कांचं, सरांच्या सहीचं.

"काय आहे?" शेजारच्या मॅडमनी विचारलं.

"सर्टिफिकेट."

"कशाचं?"

त्यांनी तीनदा विचारलं. मी हाताने चुना गोळा केला आणि सांगितलं नाही.